गोठ्याच्या धुवणाच्या पाण्यासाठी सूक्ष्मशेवाळाचं तळं: २ गुंठ्यांत जमेल का?

औसा_गोठा

राम राम मंडळी. तालुका औसा, जिल्हा लातूर. १० संकरित गाई, सगळ्या गोठ्यातच बांधून. शेण ६ घनमीटरच्या गोबरगॅसला जातं. प्रश्न गोठा धुतलेल्या पाण्याचा आहे. रोज साधारण ८०० लिटर, त्यातच मूत्र आलं. सध्या मागच्या खड्ड्यात सोडतो. वास, डास, आणि विहीर तिथून फक्त ६० फुटांवर. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ६० मिलीग्रॅम निघालं.

खड्ड्यात जाणाऱ्या पाण्याची तपासणी (गाळून घेतलेला नमुना): अमोनिया नायट्रोजन लिटरला ४०० मिलीग्रॅम, बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) १५००, पीएच ७.८, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) ४.२.

शेवाळ वाढवून हे पाणी साफ करायचा विचार आहे. २ गुंठे जागा मोकळी, काळी माती. शेजारी १२ गुंठे नेपियर गवत. विचारायचं ते असं:
१) २ गुंठ्यांचं तळं पुरेल का?
२) स्पिरुलिनाचं बी मिळतंय, ते टाकू का? वाळवून गाईंनाच खाऊ घालता येईल असं ऐकलं.
३) तळ्यात आलेलं शेवाळ काढायचं कसं?

जलशुद्धी_परभणी

नमस्कार. तपासणी करून मगच विचारलंत हे फार चांगलं केलंत, निम्मं काम तिथंच झालं. आता हिशेब लिटरमध्ये करू नका, नायट्रोजनच्या ग्रॅममध्ये करा. तळं लहान पडतं ते इथंच.

८०० लिटर गुणिले ४०० मिलीग्रॅम म्हणजे रोजचा ३२० ग्रॅम नायट्रोजन. उथळ, फिरत्या पाण्याच्या तळ्यात आपल्याकडच्या उन्हात दर चौरस मीटरला रोज १० ग्रॅम कोरडं शेवाळ धरा. कागदावर २०-२५ लिहिलेलं दिसेल, त्यावर तळं बांधू नका. शेवाळाच्या कोरड्या वजनात साधारण ७ टक्के नायट्रोजन आणि १ टक्का स्फुरद असतो. १ गुंठा म्हणजे १०० चौरस मीटर. त्यात रोज १ किलो शेवाळ, म्हणजे ७० ग्रॅम नायट्रोजन उचलला. २ गुंठ्यांत १४० ग्रॅम. तुमच्याकडं येतोय ३२०. सगळं पाणी शेवाळानंच साफ करायचं म्हटलं तर साडेचार गुंठे लागतील.

तरीही सगळं पाणी १ गुंठ्यात सोडलं तर काय होईल ते बघा. २५ सेंटिमीटर खोलीला १ गुंठ्यात २५,००० लिटर पाणी बसतं. रोज ३२० ग्रॅम आत, ७० ग्रॅम शेवाळाच्या पोटात, २५० ग्रॅम शिल्लक. म्हणजे अमोनिया रोज लिटरला १० मिलीग्रॅमनं चढतो आणि दहा दिवसांत १०० वर जातो. शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच ९ ला पोचतो. ३० अंश तापमानाला पीएच ८ असेल तर अमोनियाचा ७-८ टक्के भाग मुक्त अमोनिया, म्हणजे विषारी वायुरूप अमोनिया असतो, ८.५ ला २० टक्के, ९ ला ४५ टक्के. १०० मिलीग्रॅमचे ४५ टक्के म्हणजे ४५ मिलीग्रॅम मुक्त अमोनिया. २०-३० च्या वर गेला की शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण मंदावतं, मग ते पिवळं पडून बसतं. लोक म्हणतात बी खराब होतं. बी चांगलंच असतं, तळ्याला खाणं जास्त झालेलं असतं.

आणखी एक फसवणूक याच आकड्यात लपते. पीएच ९ च्या वर गेल्यावर अमोनिया हवेत उडून जातो. पाण्याची तपासणी सुंदर येते, 'नायट्रोजन ८० टक्के कमी झाला' असं दिसतं, पण तो गावाच्या हवेत गेलेला असतो. खरं काम झालं का ते काढलेल्या शेवाळाच्या वजनावरून ठरवा. रोज ७० ग्रॅम नायट्रोजन गेला म्हणायचं तर रोज १ किलो कोरडं शेवाळ हातात आलं पाहिजे. स्फुरदाचंही तसंच. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी जड, चुना भरपूर. पीएच चढला की स्फुरद कॅल्शियमला धरून तळाशी पांढऱ्या थरात बसतो. तो साफ झालेला नसतो, खाली जमलेला असतो.

स्पिरुलिना नको. तिला पीएच ९ ते १०.५ आणि भरपूर खाण्याचा सोडा लागतो, तिच्या नेहमीच्या माध्यमात लिटरला १६.८ ग्रॅम. त्या पीएचला गोठ्याचा अमोनिया विष होतो. तुम्हाला क्लोरेला आणि सेनेडेस्मस ही हिरवी शेवाळं हवीत. बी विकत घ्यायचीही गरज नाही. ज्या हौदात किंवा डबक्यात पाणी स्वच्छ हिरवं आहे (दोरे नाहीत, वर निळसर साय नाही) तिथलं ५ लिटर पाणी आणा. गोठ्याच्या पाण्यात तगणारं शेवाळ तिथंच तयार झालेलं असतं.

गाईंना खाऊ घालायचा विचार मनातून काढून टाका. हे शेणामुताच्या पाण्यावर वाढलेलं आहे. त्यात जंतू, क्षार मिश्रणातलं तांबं-जस्त, औषधांचे अंश येऊ शकतात. हे शेतासाठी, दावणीसाठी नाही.

काळी_आई_जालना

परभणीकर सरांचा हिशेब बरोबर आहे, पण मी तळ्याच्या आधी गोठ्यात शिरायला सांगेन.

दादा, ३२० ग्रॅममधला मोठा वाटा मुताचा आहे. एका गाईचं मूत्र रोज १० ते १५ लिटर. ते धुवणाच्या पाण्यात मिसळायच्या आत वेगळं काढलं तर पाण्यातला अमोनिया सहज निम्म्यावर येतो. गाईंच्या मागच्या बाजूला अर्धवर्तुळाकार नाली असेलच. तिला १०० फुटाला दीड-दोन फूट उतार द्या आणि शेवटी दोन तोंडं काढा, एक ड्रमकडं, एक खड्ड्याकडं. धुवायच्या वेळी ड्रमचं तोंड बंद. २०० लिटरचा झाकणाचा ड्रम लावा. झाकण घट्ट हवं, उघडा राहिला तर अमोनिया उडून जातो. हे मूत्र १ ला १० पाणी घालून उसाला नाहीतर ज्वारीला द्या, नाहीतर कंपोस्टच्या ढिगावर घाला.

दुसरं, धुवायच्या आधी शेण फावड्यानं कोरडं खरवडून घ्या. पाणीही वाचतं, गाळही कमी येतो.

आणि नेपियर विसरू नका. हेक्टरी वर्षाला २०० टन हिरवा चारा धरला, २० टक्के शुष्क भाग, त्यात दीड टक्का नायट्रोजन, तर गुंठ्याला वर्षाला ६ किलो, म्हणजे रोज १६ ग्रॅम. तुमचे १२ गुंठे रोज १९० ग्रॅम उचलतात. शेवाळ त्याच गुंठ्यात ७० उचलतं, चौपटीच्या वर. पण नेपियरला मोटर लागत नाही आणि तो गाई खातात. ईसी ४.२ आहे म्हणून तसंच सोडू नका, एकाला दोन साधं पाणी मिसळून द्या, नाहीतर काळ्या रानात क्षार वर येतील.

मग शेवाळ कशाला, असं कुणी विचारेल. ज्याच्याकडं चारा भरपूर आणि विहीर लांब, त्यानं तळं बांधूच नये. तुमची विहीर ६० फुटांवर आहे, आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलीग्रॅम. श्रावणात रान आधीच ओलं असतं, तेव्हा चाऱ्याला दिलेलं पाणी थेट खाली झिरपतं. त्या महिन्यांसाठी तळं उपयोगाचं.

नळदुर्ग_डेअरी

सगळ्यांनी नायट्रोजन मोजला, बाष्पीभवन कुणीच मोजलं नाही. मराठवाड्यात मे महिन्यात उघड्या पाण्यातून रोज १० मिलिमीटरच्या वर पाणी उडतं. १ गुंठ्याला १० मिलिमीटर म्हणजे १,००० लिटर. तुमचं सगळं ८०० लिटर उडून वर २०० लिटर विहिरीतून घालावं लागेल. २ गुंठ्यांना दुप्पट. टँकरच्या दिवसांत हे परवडणारं नाही. आणि पाणी उडतं, मीठ उडत नाही. ईसी चढतच राहतो.

म्हणून १ गुंठाच करा आणि ते मृगापासून शिवरात्रीपर्यंत चालवा. पावसाळ्यात वरचं पाणी भरून देतं, हिवाळ्यात बाष्पीभवन ४-५ मिलिमीटरवर येतं. उन्हाळ्यात सगळं धुवणाचं पाणी नेपियरला, तेव्हा त्याला तहानही असते. बी मात्र १,००० लिटरच्या टाकीत सावलीला जिवंत ठेवा, वर ५० टक्क्यांची शेडनेट. ढगाळ श्रावणात वाढ ५-६ ग्रॅमवर येते, त्या महिन्यांत खाणंही निम्मं.

औसा_गोठा

मंडळी, मनापासून आभार. मूत्र वेगळं काढायची नाली याच आठवड्यात करतो. तळं १ गुंठा, जून ते फेब्रुवारी. आता बांधणी, सुरुवात आणि काढणी जरा सविस्तर सांगाल का? अझोला (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) टाकलं तर सोपं पडेल असं एक जण म्हणाला. त्याचंही सांगा.

जलशुद्धी_परभणी

अझोला या कामाला नाही. त्याच्या पानात राहणारं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन पकडतं, म्हणजे तुमच्या पाण्यातला नायट्रोजन उचलायची त्याला गरजच पडत नाही. स्फुरद थोडा उचलेल. तुम्हाला काढायचाय नायट्रोजन.

बांधणी. आधी तीन कप्प्यांची गाळटाकी, एकूण दीड हजार लिटर. तोंडाशी २ मिलिमीटरची जाळी, कारण कडब्याचे तुकडे पुढं गेले तर व्हॉल्व्ह तुंबतात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणारा पाइप टी लावून मधल्या पातळीवरून घ्या, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही मागंच राहतात. दर आठवड्याला खालचा गाळ गोबरगॅसला परत. गोबरगॅसची स्लरी तळ्यात सोडू नका. ती काळी, प्रकाश अडवते, आणि अमोनियानं भरलेली. ती शेताचीच.

तळं २० मीटर लांब, ५ मीटर रुंद, दोन्ही टोकं गोल, मधोमध भिंत. म्हणजे अडीच-अडीच मीटरचे दोन पट्टे, पाणी गोल फिरतं. भिंत टोकांपासून अडीच मीटर अलीकडं थांबवा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. नुसता सिमेंटचा हौद पहिल्याच वर्षी तडकेल. काळी माती एक फूट काढून मुरूम भरा, दाबा, त्यावर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. तळ सपाट हवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक २-३ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर खोलगट जागी गाळ साचून सडतो. विहिरीच्या उलट्या बाजूला बांधा आणि कागदाखाली एक पन्हळ काढून ठेवा. कागद फाटला तर तिथं पाणी दिसेल, विहिरीत दिसायच्या आधी.

पाणी फिरवायला अर्ध्या एचपीची मोटर आणि गिअरबॉक्स, पात्यांचं चाक मिनिटाला १० ते १५ फेरे. पात्यांची खालची कड तळापासून २-३ सेंटिमीटर वर. जास्त अंतर ठेवलं तर पाणी खालून मागं सरकतं आणि मोटर फुकट चालते. वेग बघायचा तर सुकं पान पाण्यावर सोडा. ५ सेकंदांत १ मीटर गेलं की झालं. शेतीच्या फीडरची वीज रात्रीची आली तर उपयोग नाही, फिरायला हवं ते उन्हात. सोलर पॅनलवर मोटर थेट चालवलीत तर ऊन तेव्हा फिरणं, आपोआप जुळतं.

सुरुवात. एकदम तळं भरू नका. २० लिटरचा कॅन, मग २०० लिटरचा ड्रम, मग २,००० लिटर, मग तळं चौथाई. दर पायरीला फार तर दहापट, आणि पाणी गर्द हिरवं झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. कॅन-ड्रमला साधं विहिरीचं पाणी, लिटरला ०.२ ग्रॅम १९:१९:१९. टँकरचं पाणी वापरलं तर त्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असतं, दोन दिवस उघडं उन्हात ठेवून मग घ्या. २,००० लिटरच्या पायरीपासून रोज १ टक्का गोठ्याचं पाणी चालू करा म्हणजे सवय लागते. तळं भरेपर्यंत तीन ते चार आठवडे जातात.

रोजचं खाणं. मूत्र वेगळं झाल्यावर पाण्यातला अमोनिया पुन्हा तपासा. २०० आला तर रोज ३५० लिटर म्हणजे ७० ग्रॅम, बरोब्बर तळ्याचं पोट. बाकीचं पाणी नेपियरला. पाणी सकाळी ८ च्या आत सोडा, तेव्हा पीएच सगळ्यात खाली असतो. दुपारी सोडलं तर पीएच ९ च्या पाण्यात अमोनिया पडतो आणि अर्धा उडतो.

मोजायचं काय: पीएच सकाळी आणि दुपारी ३ ला, अमोनिया आठवड्यातून दोनदा, मत्स्यपालनाच्या किटनं (ते ८ मिलीग्रॅमपर्यंतच मोजतं, म्हणून नमुना दसपट पातळ करून), ईसी आठवड्याला. अमोनिया २० च्या वर गेला की दोन दिवस पाणी बंद. ईसी ३ च्या वर गेला की चौथाई तळं नेपियरला, साध्या पाण्यात मिसळून, आणि तितकंच नवं पाणी आत. वरून घालायला तुमच्याच विहिरीचं पाणी घ्या. त्यातलं नायट्रेटही, अमोनिया संपत आला की, शेवाळ उचलतं.

दाटपणा बघायला काठीच्या टोकाला बाटलीचं पांढरं बूच बसवा, काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करा, उभी बुडवा. बूच ८ ते १२ सेंटिमीटरवर दिसेनासं झालं तर शेवाळ काढणीला आलं. ६ वरच दिसेनासं झालं तर उशीर झाला, खालच्या शेवाळाला अंधार आहे.

काढणी. इथंच बहुतेक तळी सोडून दिली जातात. तळ्यात लिटरला फार तर ०.३ ग्रॅम शेवाळ असतं. रोज १ किलो काढायचं म्हणजे ३,३०० लिटर पाणी हाताळायचं. कापडानं गाळायचा प्रयत्न करू नका, क्लोरेला ३ ते ८ मायक्रॉनचा, कापडातून आरपार जातो. निमुळत्या तळाच्या टाक्या लावा, आणि सूर्य मावळल्यावर भरा. दिवसा शेवाळ ऑक्सिजनचे बुडबुडे सोडतं आणि त्यांच्याबरोबर वर तरंगतं, रात्री खाली बसतं. सेनेडेस्मस जास्त असेल तर सकाळपर्यंत बरंचसं बसतं. नाही बसलं तर कळीच्या चुन्याची निवळी घाला. पीएच १०.५ ते ११ झाला की पाण्यातला मॅग्नेशियम जेलीसारखा बाहेर येतो आणि शेवाळ घेऊन बसतो. किती घालायची ते पाण्यागणिक बदलतं, म्हणून आधी एक-एक लिटरच्या पाच बाटल्यांत वेगवेगळं माप घालून बघा. तुरटीनंही बसतं, पण ॲल्युमिनियम शेतात जातं, मी वापरू देणार नाही.

वरचं निवळलेलं पाणी वरच्या नळातून तळ्यात परत (चुना वापरला असेल तर ते पाणी एक दिवस उघडं राहू द्या, पीएच उतरू द्या). खालचं हिरवं घट्ट पाणी ५० ते १०० लिटर निघेल, ते थेट नेपियरच्या सरीत किंवा कंपोस्टवर. वाळवण्याच्या भानगडीत पडू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नंतर वाईट वाटायला नको. त्या १ किलो शेवाळातला ७० ग्रॅम नायट्रोजन म्हणजे १५० ग्रॅम युरिया. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे एक रुपयाचाही युरिया नाही. तळं खताच्या पैशासाठी बांधायचं नाही, विहिरीसाठी बांधायचं.

नळदुर्ग_डेअरी

वर जे आलं नाही ते जोडतो.

मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. खुरांसाठी गाई मोरचुदाच्या पाण्यातून चालवत असाल तर ते पाणी तळ्याकडं एक थेंबही जाता कामा नये. लिटरला १ मिलीग्रॅम तांबंही शेवाळाला मारायला पुरतं. फिनाईल, ब्लीचिंग, गोचिडाचं औषध, दूधयंत्र धुतलेलं पाणी, सगळ्यांना वेगळी नाली. त्या दिवशी तळ्याचा व्हॉल्व्ह बंद.

तळं काल हिरवंगार आणि दोन दिवसांत चहासारखं झालं तर शेवाळ कुणीतरी खाल्लं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उन्हाकडं धरा. पांढरे ठिपके झटके देत उड्या मारताना दिसले तर डॅफ्निया (पाणपिसू). रोटिफर हे शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव डोळ्याला दिसत नाहीत, त्यांना शंभरपट दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो, शाळेत मिळेल. डॅफ्निया बारीक जाळीनं गाळता येतात. रोटिफरना मुक्त अमोनिया सोसत नाही, म्हणून एक दिवस दुपारी पीएच ९ असताना मुद्दाम दोन दिवसांचं पाणी एकदम सोडतात. शेवाळही एक दिवस दबतं, पण परत उठतं. एरवी दुपारी पाणी सोडू नये, फक्त या दिवशी सोडावं.

वर निळसर-हिरवी साय, रंग सांडल्यासारखी, दिसली तर ते विषारी निळं शेवाळ असू शकतं. ते पाणी जनावराला तोंड लावू देऊ नका. तळ्याला कुंपण हवंच, लहान मुलांसाठीही.

आणि पहाटे वास आला तर रात्री ऑक्सिजन शून्यावर गेलाय. खाणं निम्मं करा, गाळटाकी उघडून बघा, बहुतेक तिसऱ्या कप्प्यापर्यंत गाळ आलेला असतो.

औसा_गोठा

समजलं. एकच राहिलं, कागद टाकायच्या आधी खड्ड्यातला जुना गाळ काढू का तसाच बुजवू?

काळी_आई_जालना

काढा. बुजवला तर त्यातला नायट्रोजन पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात विहिरीत उतरत राहील. उन्हात वाळू द्या, मग कंपोस्टच्या थरात घाला, एक थर गाळ, एक थर तुरीच्या काड्यांचा भुगा. विहिरीचं नायट्रेट दिवाळीनंतर आणि मेमध्ये, असं वर्षातून दोनदा तपासा, आणि आकडे इथं टाका. तोवर पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या दुधात हे पाणी अजिबात नको. उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाटतं.